कोणाच्या हाती पडेल?

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय होते. दोन खोल्या, चार लाकडी कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक लांब बाक आणि दाराशी टेबल मांडून बसलेले ग्रंथपाल, एवढाच त्याचा संसार. दिवाळी संपली की त्या वर्षीचे दिवाळी अंक टेबलावर येत आणि ते मिळविण्यासाठी आम्हा मुलांची झुंबड उडे. सातवीत असताना असाच एक अंक मी मुखपृष्ठाला भुलून उचलला आणि नोंदीसाठी पुढे केला. ग्रंथपालांनी तो माझ्या हातून काढून घेतला, आपल्या खणात ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्यासाठी नाही. वडिलांना हवा असेल तर त्यांना पाठव." मी मान खाली घालून परतलो. संध्याकाळी वडील घरी आले तेव्हा ती हकीकत त्यांच्या कानी आधीच गेलेली होती. ते रागावले नाहीत. पण काही बोललेही नाहीत. त्या अंकात असे काय होते हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

आज सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी बंगळूरला राहतो. माझा मुलगा सातवीत आहे. त्याचा गृहपाठ मोबाईलवर येतो, वर्गमित्रांचे निरोप मोबाईलवर येतात, बुद्धिबळाचे डावही तो मोबाईलवरच खेळतो. त्या हातभर अंतरावरच्या यंत्रात जगातली सारी ग्रंथालये आहेत आणि जगातले सारे चोरबाजारही आहेत. दाराशी टेबल मांडून बसलेले कोणी नाही. त्या ग्रंथपालांची जागा आता कोणी घ्यायची, असा प्रश्न विचारला की उत्तर तत्काळ मिळते: आईबापांनी. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते फार जुने आहे असे जे आपण समजतो, ते मात्र खरे नाही. मुलांच्या नजरेपुढे काय यावे आणि काय येऊ नये, याची मुख्य जबाबदारी आईबापांवर येऊन पडल्याला जेमतेम तीस वर्षे झाली आहेत. त्यापूर्वी ती कोणाकोणाच्या खांद्यांवर होती आणि तेथून ती कशी खाली उतरत आली, हे पाहिल्याशिवाय आज आपण काय करावे हे नीट उमगणार नाही, असे मला वाटते.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण या बाबतीत आपला कायदा तेथूनच आला. इ. स. १८६८ मध्ये 'रेजिना विरुद्ध हिक्लिन' या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. ज्यांची मने अनिष्ट प्रभावाला सहज बळी पडतील आणि ज्यांच्या हाती असे लेखन पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याकडे त्या लेखनाचा कल आहे काय, एवढेच पाहावयाचे. कसोटीचे सारे मर्म 'कोणाच्या हाती पडेल' या एका शंकेत होते. लेखकाने ते कोणासाठी लिहिले, याला महत्त्व उरले नाही. अजाण मुलगा हाच न्यायासनापुढचा वाचक ठरला. आपल्या भारतीय दंड संहितेत अश्लील पुस्तकांच्या विक्रीला शिक्षा १८६० पासूनच होती. १९२५ साली त्या कलमांची फेररचना झाली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला अशी वस्तू विकणे किंवा दाखविणे हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला. मात्र या साऱ्या व्यवस्थेत पकडला जाई तो लेखक, मुद्रक, प्रकाशक किंवा पुस्तकविक्रेता. मुलाच्या बापाचा त्या कलमांत कोठे उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती; कारण छापलेला कागद मुलाच्या हाती पडण्यापूर्वी चार मोठी माणसे वाटेत उभी असत.

या व्यवस्थेची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते त्यांनी नेटाने चालविले. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्या खटल्याचा विषय होता वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे. लोकांना आपल्या शरीराविषयी शंका होत्या. त्या घरात विचारण्याची सोय नव्हती, वैद्याला विचारण्याची लाज वाटे, म्हणून ते एका मासिकाला पत्र लिहीत. कर्व्यांनी या शंकांना शास्त्राच्या आधारे सरळ उत्तरे दिली आणि ती उत्तरेच अपराध ठरली. न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्नच लैंगिक विषयाचे असतील तर उत्तरे दुसऱ्या कोणत्या विषयाची असणार, असा एकंदर सूर होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. दाराशी पहारा ठेवणारी व्यवस्था कधीकधी वैद्यालाही आत येऊ देत नाही, हा त्या खटल्याचा धडा आहे. तो आपण पुढे विसरलो, आणि त्याची किंमत आपल्या मुलांनी दिली, हे मी थोड्या वेळाने सांगणार आहे.

स्वातंत्र्यानंतरही पहारा तसाच राहिला. पहारेकरी मात्र वाढले. १९४९ साली चित्रपटांसाठी केवळ प्रौढांकरिता असे वेगळे प्रमाणपत्र आले आणि चित्रपटगृहाच्या दारावरचा डोअरकीपर हा कायद्याचा एक हस्तक बनला. परदेशी भयकथांच्या चित्रमासिकांची धास्ती पडून १९५६ साली तरुण व्यक्तींना अपायकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा संसदेने केला. त्यातही मर्यादा वीस वर्षांचीच होती. १९५९ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी एका बनावट गिऱ्हाइकाला विकली. तो खटला रणजित उदेशी यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली तेथे हिक्लिनची कसोटीच कायम झाली. दंड होता वीस रुपये. मराठी वाचकांच्या आठवणीतला खटला मात्र चंद्रकांत काकोडकर यांचा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही कथा छापली गेली आणि तिच्यावर फिर्याद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. किशोरवयीनांना या विषयाचा वाराही लागू नये अशा बेताने लेखकाने लिहावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे त्या निकालाचे म्हणणे होते. काळ बदलत आहे, मुलांपुढे नानाविध पुस्तके सहज येत आहेत, हेही न्यायमूर्तींनी ध्यानात घेतले. हिक्लिनची कसोटी आपल्या न्यायालयाने रीतसर बाजूला सारली ती २०१४ साली. पण तिच्या तटाला पहिला तडा एका मराठी दिवाळी अंकामुळे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

या सगळ्यात आईबाप कोठे होते? अमेरिकेत १९६८ साली एका दुकानदाराने सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिके विकल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मात्र कायद्याचा हेतू आईबापांना बळ देण्याचा आहे, त्यांची जागा घेण्याचा नाही, आणि एखाद्या बापाला ती मासिके मुलाला द्यावीशी वाटली तर कायदा आड येत नाही, असेही स्पष्ट केले. आपल्याकडे चित्रपटांच्या प्रमाणपत्रांत पालकांना जागा मिळाली ती १९८३ साली, जेव्हा बारा वर्षांखालील मुलांनी आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाचे चित्रपट असा एक मधला वर्ग निघाला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याच वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग केले, आणि हा शेरा पालकांना निर्णय घेण्यासाठी आहे असे कायद्यानेच सांगितले. म्हणजे पालक हळूहळू मदतनीसाच्या नात्याने व्यवस्थेत येत होता. मुख्य पहारा अजून दुकानाचा आणि थिएटरचाच होता.

तो पहारा कसा उठला, हे पाहावयास बंगळूरसारखे दुसरे ठिकाण नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, येथल्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दालन उघडले. आज त्या नावाने कॉफी आठवते. पण आरंभी ते सायबर कॅफे होते, कॉफीबरोबर तासभर इंटरनेट देणारे. पाहता पाहता अशी दुकाने देशभर, अगदी तालुक्याच्या गावापर्यंत निघाली. प्लायवूडच्या आडोशाने केलेल्या लहानलहान खोपटांत संगणक मांडलेले असत आणि तासाच्या हिशेबाने पैसे द्यावे लागत. त्या आडोशामागे शाळेची पोरे काय पाहतात, ही काळजी सुरू झाली.

या काळजीचा पहिला मोठा न्यायालयीन अध्याय मुंबईत घडला. २००१ साली दोघा नागरिकांनी लिहिलेल्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली आणि अजाण मुलांना इंटरनेटवरील अनुचित साहित्यापासून कसे वाचवावे, यासाठी एक समिती नेमली. समितीने २००२ च्या जानेवारीत अहवाल दिला. मुलांना आडोशाच्या खोपटात बसू न देता सर्वांच्या नजरेसमोरच्या संगणकावर बसवावे, ही त्यातली एक मुख्य सूचना होती. २००४ साली कर्नाटक शासनाने सायबर कॅफेंसाठी आपले नियम केले आणि २०११ साली केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी. या केंद्रीय नियमांतील एक तपशील मला फार अर्थपूर्ण वाटतो. दोन संगणकांमधला आडोसा जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसावा, इतरत्र ठेवलेल्या संगणकाचे पडदे बाहेरच्या बाजूला वळविलेले असावेत आणि आईबाप बरोबर असल्याखेरीज अल्पवयीन मुलाला आडोशात बसू देऊ नये, असे ते सांगतात. म्हणजे कायद्याने कॅफेच्या मालकाला पुन्हा त्या जुन्या ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसविले होते. मी स्वतः नियम राबविणाऱ्या वर्गातला आहे. म्हणून मला या नियमाचे कौतुकही वाटते आणि कीवही येते. ज्या वर्षी सरकार भिंतीची उंची मोजत होते, त्याच सुमारास इंटरनेट भिंतीसकट खिशात शिरत होते. साडेचार फुटांचा आडोसा मोजता येतो. पांघरुणाखालचा अंधार कोण मोजणार?

मोठ्यांचे वर्तन या कथेबाहेर ठेवता येत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये येथल्याच विधानसौधात, सभागृहाचे कामकाज चालू असता, मंत्री मोबाईलवर अश्लील चित्रफीत पाहत असल्याचे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपले आणि तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. त्या दिवशी शहरातल्या कितीतरी घरांत मुलांनी आईबापांना विचारले असेल की ते काय पाहत होते. त्याचे उत्तर किती घरांत मिळाले असेल, याची मला शंका आहे.

आता एक पाऊल मागे जाऊन जगाकडे पाहू. अमेरिकेने १९९६ साली इंटरनेटवर मुलांपुढे अशिष्ट साहित्य ठेवणे हा गुन्हा ठरविला. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. मुलांना वाचविण्याच्या नादात प्रौढांचे तोंड बंद होते, आणि नको ते अडविणारी संगणक-प्रणाली आईबाप घरीच बसवू शकतात, असा त्यामागचा विचार होता. २००४ साली दुसऱ्या एका कायद्याबाबत हाच विचार पुन्हा मांडला गेला. त्या दोन निकालांनी जगाच्या मनात एक कल्पना रुजविली: दुकानदाराला मोकळे सोडा, किल्ली आईबापांच्या हाती द्या. आपल्याकडेही हा झगडा झाला. २०१३ साली इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी अश्लील संकेतस्थळांवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०१५ मध्ये सरन्यायाधीश दत्तू यांनी, एखादा प्रौढ माणूस आपल्या घराच्या चार भिंतींत काय पाहतो हे आम्ही कसे अडवावे, असा प्रश्न सुनावणीत विचारला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला, आणि चारच दिवसांत, टीकेचा गदारोळ झाल्यावर, तो बराचसा मागे घेतला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ स्थळे बंद झाली. एक दार लावले की शेजारी दुसरे उघडते, हे एव्हाना शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले होते.

येथे मला ती किंमत सांगावयाची आहे, जिचा मघाशी उल्लेख केला. २००७ साली केंद्राच्या प्रेरणेने शाळांतून किशोरवयीन मुलांसाठी शिक्षणाचा एक कार्यक्रम येऊ घातला होता. शरीरातले बदल, रोगांपासून बचाव, परस्परांविषयीचा आदर, असे त्याचे विषय होते. संस्कृती बिघडेल म्हणून त्याविरुद्ध ओरड झाली आणि अनेक राज्यांनी तो थांबविला. त्यांत महाराष्ट्र होता आणि कर्नाटकही होते. कर्व्यांच्या खटल्याला त्या वेळी सत्तराहून अधिक वर्षे झाली होती. पण उत्तर देणाऱ्यालाच दाराबाहेर ठेवण्याची आपली सवय मोडली नव्हती. पुढच्या नऊ वर्षांत काय झाले पाहा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, दर कोसळले आणि इंटरनेट घरोघर पोहोचले. २०२० साली महामारीत शाळाच मोबाईलमध्ये शिरली. कर्नाटक शासनाने त्या जूनमध्ये लहान वर्गांच्या ऑनलाईन शिकवणीवर बंदी घातली. पालकांनीच तिला आव्हान दिले आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती स्थगित केली. पालकांची चूक नव्हती. शिक्षण थांबवून कसे चालेल? पण त्यामुळे ज्या वस्तूपासून मुलाला दूर ठेवावयाचे, तीच वस्तू आपण आपल्या हातांनी त्याच्या हाती दिली. शास्त्रशुद्ध उत्तर देणारा शिक्षक २००७ साली परत पाठविलेला होता. मुलांचे प्रश्न मात्र वयाप्रमाणे येतच होते. त्यांची उत्तरे मग ज्यांनी दिली त्यांचा धंदा शिक्षणाचा नव्हता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या काही शाळांनी मोबाईल शोधण्यासाठी आठवी ते दहावीच्या मुलांची दप्तरे तपासली, तेव्हा त्यांत निरोध आणि गर्भप्रतिबंधक गोळ्याही सापडल्याच्या बातम्या आल्या. पालकांना बोलावून सांगितले तेव्हा त्यांनाही धक्का बसला. शाळांनी मुलांना काढून न टाकता समुपदेशनाचा सल्ला दिला, हे मला शहाणपणाचे वाटले. याच शहरातल्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ सालीच तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी एक स्वतंत्र चिकित्सालय उघडले होते. मोबाईलपायी झोप, अभ्यास, बोलणेचालणे गमावलेल्या मुलांना घेऊन आईबाप तेथे जातात. उपचार एकट्या मुलावर होत नाहीत. सारे घर त्यात ओढले जाते.

गेल्या काही वर्षांत लंबक पुन्हा मागे आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, समाजमाध्यमांच्या वापराला वयाची अट असावी, असे सुनावणीत तोंडी बोलून दाखविले. त्याच वर्षी संसदेने केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे बंधन घातले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना पाहणाऱ्याचे वय पडताळावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेक्सास राज्याचा अशाच स्वरूपाचा कायदा वैध ठरविला; १९९७ सालचा विचार अठ्ठावीस वर्षांत फिरला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला, आणि त्यात दंडाची तरतूद आहे ती कंपन्यांना. मुलांना नाही व आईबापांनाही नाही. म्हणजे दीडशे वर्षांनंतर कायदा पुन्हा दुकानदाराकडे वळला आहे.

मला हे योग्य वाटते, आणि त्याचे कारण मी माझ्या घरात पाहिलेले आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई उत्तर कर्नाटकातून पोटासाठी या शहरात आल्या. दोन मुलांत मिळून एक मोबाईल. तो दिवसभर मुलांपाशी असतो, कारण बाई चार घरची कामे करीत असतात. त्यातले कुलूप कोठे आहे आणि ते कसे लावावयाचे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या अक्षर वाचावयास मुलाकडेच देतात. त्यांना आपण पालकांच्या जबाबदारीवर व्याख्यान द्यावे काय? जगातल्या धनाढ्य कंपन्यांशी रोज रात्री एकट्या आईने झुंजावे, अशी अपेक्षा म्हणजे जबाबदारी वाटून देणे नव्हे. ती झटकून टाकणे आहे. वाटेत चार माणसे उभी असत तो काळ परत येणार नाही, पण त्यांच्यापैकी काहींना तरी पुन्हा उभे करणे हे शासनाचे काम आहे. सरकारी माणूस म्हणून हे बोलताना मला संकोच वाटत नाही.

मग आईबापांकडे उरते काय? एक काम असे उरते की ते कोणत्याही कायद्याला, कंपनीला किंवा कुलपाला करता येत नाही. त्याची जाणीव मला गेल्या वर्षी झाली. मुलाच्या मोबाईलवर जेवढी कुलपे मिळाली तेवढी मी लावली होती आणि त्या व्यवस्थेवर मी संतुष्ट होतो. एके दिवशी तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "बाबा, शाळेच्या बसमध्ये एका मुलाने मला काहीतरी दाखवलं." पुढे काही बोलेना. माझी सारी कुलपे माझ्या घरात होती. चित्रफीत दुसऱ्याच्या मोबाईलवर होती. त्या क्षणी मला माझे वडील आठवले, आणि त्यांचे ते रागावणे नसलेले, बोलणेही नसलेले मौन आठवले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या वेळी अंक ग्रंथपालांच्या खणात सुरक्षित होता. मौन परवडण्यासारखे होते.

मी नीट बोललो असे नाही. शब्द अडखळत होते. पण मी त्याला सांगितले की तू जे पाहिलेस ते विकण्यासाठी तयार केलेले असते. खऱ्या माणसांचे प्रेम, लाज, एकमेकांची इच्छा विचारणे, यांतले त्यात काही नसते. ते पाहून तुला भीती वाटली किंवा पुन्हा पाहावेसे वाटले, तरी तू वाईट मुलगा ठरत नाहीस. त्याने एकच प्रश्न विचारला, "मग माझा मोबाईल काढून घेणार का?" मी नाही म्हटले, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला. किती मुले याच एका भयाने आईबापांना काही सांगत नसतील, हे मला तेव्हा कळले. आपण शिक्षेची तयारी करून बसलेलो असतो, म्हणून मुले प्रश्न घेऊन दुसरीकडे जातात.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. असे साहित्य बाळगणाऱ्यांविरुद्ध तो कठोर आहे. पण त्याच निकालात न्यायालयाने लैंगिक शिक्षणाविषयीच्या आपल्या गैरसमजांकडे बोट दाखवून ते शिक्षण सर्वत्र द्यावे असे सुचविले. पहारा आणि उत्तर या दोन गोष्टी एकाच निकालपत्रात शेजारी आलेल्या पाहून मला बरे वाटले. १९३४ साली त्यांतली दुसरी गोष्ट आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

'कोणाच्या हाती पडेल' हा कॉकबर्न यांचा प्रश्न आजही खोटा ठरलेला नाही. पण त्याचे उत्तर आता सर्वांना माहीत आहे. ते सगळ्यांच्या हाती पडणार आहे. आज नाही तर उद्या, आपल्या घरी नाही तर बसमध्ये. पडेल त्या दिवशी मूल कोणाकडे येईल, हा खरा प्रश्न उरतो. कुलपे लावावीत, वय पडताळणारे कायदे करावेत, कंपन्यांना दंड करावेत, शाळांतून शिक्षण द्यावे. यांतले काहीच सोडू नये. पण जेवता जेवता थांबलेल्या मुलापुढे बसून, घास तसाच ठेवून, अडखळत का होईना बोलावयाचे, हे काम आईबापांचे आहे. ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला फारसे आले नाही. आपल्या वाट्याला आले आहे, तर ते मौनाने टाळता येणार नाही.